खानावळीची पाटी कुठे लावायची?

भिवंडीत जेवायला कुठे जावे, हा प्रश्न आमच्या विद्यार्थिदशेत फक्त परगावचा माणूस विचारीत असे, आणि त्याला उत्तर द्यायला धामणकर नाक्यावर पानवाला, रिक्षावाला आणि दोन-चार रिकामी माणसे सदैव हजर असत. उत्तर मात्र कधी सरळ मिळत नसे. विचारणाऱ्याला आधी आपादमस्तक न्याहाळले जाई. कपडे कसे, बोली कुठली, खिसा किती खोल, आणि बोलण्याच्या ओघात आडनाव कळलेच तर ते कोणते, याचा अंदाज घेऊन मग बोट एखाद्या दिशेला वळे. एकाला मंडईकडे धाडत, दुसऱ्याला निजामपुऱ्याकडे, तिसऱ्याला पद्मानगरकडे. चौथ्याला 'साहेब, तुम्ही कल्याणला जाऊनच जेवा' असाही सल्ला मिळे, आणि तो बहुधा सद्भावनेने दिलेला असे.

आज तो परगावचा माणूस नाक्यावर कुणालाच काही विचारीत नाही. तो फोन काढतो, 'जवळची हॉटेले' असे टंकतो किंवा नुसते बोलतो, आणि पडद्यावर जी पहिली तीन नावे उमटतील त्यांतल्या एकाकडे चालू लागतो. नाका जागच्या जागी आहे, पानवालाही आहे. पण बोट दाखवण्याचा त्याचा अधिकार गेला. ज्याचे नाव त्या तिघांत नाही, त्याचा फोडणीचा वास गल्लीभर दरवळत असला तरी त्या माणसापुरते ते दुकान अस्तित्वात नसते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे, की भिवंडीतल्या लहान खानावळींनी या नव्या नाक्यावर उभे राहिलेच पाहिजे; आणि तेथे त्यांची ओळख कोणत्या शब्दांत करून दिली जाते, हा प्रश्न धंद्याइतकाच भाषेचा आहे. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. धंद्यातले आम्हांला काही कळत नाही, हे आमचे विद्यार्थीही सांगतील. तरीही या प्रकरणात नाक खुपसावे लागले, ते कसे हे पुढे येईलच.

आधी या गावाच्या जेवणाविषयी. भिवंडी यंत्रमागांची. माग येथे जुनेच, पण १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईच्या कापडधंद्याचा बराच भार इकडे सरकला आणि गाव बघता बघता फुगले. २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीतली लोकसंख्या सात लाखांच्या वर भरली. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार, कोकणी मुसलमान, आगरी, कोळी, घाटावरचे मराठे, गुजराती-मारवाडी व्यापारी, असा हा संसार. एकटा आलेला मागवाला जेवत असे भिशीत. कोणी भिशी म्हणते, कोणी भिस्सी. महिन्याची रक्कम भरायची, दोन वेळ ताटावर बसायचे, महिनाअखेर हिशेब. मराठीत पैसे जमवण्याच्या चक्रालाही आपण भिशीच म्हणतो. दोहोंत वर्गणी आहे आणि दोहोंत विश्वास आहे. मुंबईच्या गिरणगावात हेच काम बायकांच्या खानावळी करीत होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते याच बायकांसाठी. सावकाराच्या कचाट्यातून सुटून त्यांना बँकेचे कर्ज मिळावे, हा त्यामागचा हेतू. त्या साऱ्या व्यवहारात जाहिरात नावाची वस्तूच नव्हती. जेवणारा ठरलेला, जेवू घालणारी ठरलेली. नवा मेंबर येई तो जुन्या मेंबरचा हात धरून.

ही साखळी तुटली ती मागांचा धंदा आटत गेल्यावर. माग भंगारात निघू लागले, तसे मेंबरही गावी परतू लागले. पण जेवणारी माणसे कमी झाली असे मात्र नाही. माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर, राहनाळ या पट्ट्यात गोदामांची रांग उभी राहिली. देशातल्या मोठ्या ऑनलाइन दुकानांचा माल आज येथूनच सुटतो. त्यांत राबणारी, माल आणणारी, नेणारी, हिशेब तपासायला येणारी माणसे रोज भिवंडीत असतात आणि भिवंडीची नसतात. आज ट्रक येथे, उद्या नाशिकला. महिन्याची वर्गणी ते भरणार नाहीत आणि जुन्या मेंबरचा हात त्यांना मिळणार नाही. पण सप्टेंबर २०१६ नंतर डेटा स्वस्त झाल्यापासून फोन प्रत्येकाच्या हाती आहे. मागणी आहे, पुरवठाही आहे. मधला सांगणारा तेवढा बदलला. आमच्या मते ही गोष्ट गावातल्या जाणत्या माणसांनी पुरेशी मनावर घेतलेली नाही.

आता मावशींविषयी. कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर, एका मागाच्या कारखान्यामागे त्यांची खानावळ आहे. आम्ही तेथे बारा-तेरा वर्षे जेवतो. एके काळी पस्तीस मेंबर होते. दोन वर्षांपूर्वी अकरा उरले, त्यांत आम्ही दोघे. मेंबर न आल्याचा खाडा मावशी वहीत मांडतात. त्या वहीत तारखांपेक्षा खाडेच जास्त दिसू लागले, तेव्हा त्या एक दिवस म्हणाल्या, "सर, मॅडम, आषाढात बंद करीन म्हणते. पुढच्या गल्लीत तो नवा आला ना, चायनीजवाला, त्याच्याकडे रांग असते. माझ्याकडची भाकरी त्याला कुठून जमणार? पण लोकांना माहीतच नाही मी इथे आहे ते."

लोकांना माहीत नाही. ज्या गल्लीत पंचवीस वर्षे चूल पेटते आहे तिथे! तो चायनीजवाला फोनवर सापडत होता आणि मावशी सापडत नव्हत्या, एवढाच फरक. तेव्हा आम्ही, म्हणजे ज्यांना स्वतःचे वेतनपत्रकही विद्यार्थ्यांकडून डाउनलोड करून घ्यावे लागते, मावशींना नकाशावर चढवायचे ठरवले.

पहिलीच रकान्याची मागणी नावाची होती, आणि खानावळीला नाव नव्हते. पाटीही नव्हती. मेंबरांच्या तोंडी 'मावशीकडे' एवढाच पत्ता. गूगलचा नियम असा, की दुकानाचे नाव प्रत्यक्ष पाटीवर आणि लोकव्यवहारात जे असेल तेच द्यावे. त्यात 'भिवंडीतील सर्वोत्तम शाकाहारी थाळी' असली शेपटे जोडू नयेत. नियम रास्त आहे, पण मोडणारे पुष्कळ. न्यूयॉर्कमधल्या एका थाई उपाहारगृहाने तर काही वर्षांपूर्वी आपले खरेखुरे नावच 'थाई फूड निअर मी' असे ठेवले. शोधणारा जे टंकतो तेच नाव! बारसे करताना देव, पूर्वज, गाव यांच्याऐवजी ग्राहकाच्या बोटाचा विचार झाल्याचे हे आमच्या पाहण्यातले पहिले उदाहरण. मावशींपुढे आम्ही 'अन्नपूर्णा', 'रुचिरा', 'माहेर' अशी नावे ठेवली. त्या म्हणाल्या, "मावशीची खानावळ लिहा की. दुसरं काय आहे ते?" आमची सगळी वाङ्मयीन चतुराई तेथेच संपली.

पुढचा रकाना दुकानाच्या प्रकाराचा. आम्ही निःशंकपणे 'हॉटेल' निवडले. आपण हॉटेलात चहा पितो, हॉटेलात मिसळ खातो; मराठीत हॉटेल म्हणजे खाण्याची जागा, मुक्कामाची ते लॉज. दुसऱ्या दिवसापासून मावशींना फोन येऊ लागले. एसी रूम आहे का? रात्रीचे भाडे किती? चेक-आउट कधी? मावशींनी पहिल्या दोघांना नीट उत्तरे दिली, तिसऱ्याला सांगितले, "माझ्याकडे ताट ठेवायला जागा नाही, तुला खाट कुठून देऊ?" इंग्रजीतल्या 'हॉटेल'ने मुक्कामाची जागा सोडली नव्हती आणि मराठीतल्या हॉटेलात कधी मुक्काम नव्हता, हे भाषाशास्त्र शिकवणाऱ्यांच्या वेळेवर लक्षात येऊ नये, ही चूक सर्वस्वी आमची. पण गावात फिरून पाहिले तेव्हा अशी चूक करणारे आम्ही एकटे नव्हतो. 'हॉटेल अमुक' या पाटीखाली वडापाव तळणारे कित्येकजण नकाशावर निवासी हॉटेलांच्या रांगेत बसले होते आणि भुकेल्या माणसाच्या शोधात येत नव्हते. एका शब्दाच्या अर्थामुळे गल्ला रिकामा राहतो, हे उदाहरण अर्थपरिवर्तनाच्या तासाला आता आम्ही दरवर्षी देतो.

प्रकार बदलला, वेळा भरल्या, फोन नंबर दिला, दारापुढे उभे राहून जागा ठरवली, ताटाची छायाचित्रे चढवली. पडताळणीसाठी खानावळीचे चित्रीकरण मागितले गेले; मावशींनी त्यासाठी नवे लुगडे नेसले, ते पडद्यावर आले नाही म्हणून थोड्या रुसल्या. याला पैसा एक लागत नाही. २०१४ मध्ये 'गूगल माय बिझनेस' या नावाने ही सोय सुरू झाली, २०२१ पासून तिला 'बिझनेस प्रोफाइल' म्हणतात, आणि ती विनामूल्य आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण त्याच महिन्यात एक गुळगुळीत बोलणारा तरुण मावशींकडे येऊन 'पहिल्या नंबरावर आणून देतो, पंधरा हजार' असे सांगून गेला. स्थानिक शोधातला क्रम पैसे देऊन वर चढवता येत नाही, असे गूगलच स्पष्ट सांगते. जाहिरातीची जागा निराळी आणि ती जाहिरात म्हणून दिसते. क्रम ठरतो तो तीन गोष्टींवरून: विचारणाऱ्याच्या शब्दांशी तुमची माहिती किती जुळते, तुम्ही त्याच्यापासून किती लांब आहात, आणि तुमचा बोलबाला किती. यांतले अंतर कुणाच्या हातात नाही. बोलबाला हळूहळू होतो. उरते पहिली गोष्ट, शब्दांचे जुळणे. आणि तेथे पुन्हा भाषाच आली.

या राज्यात पाटीच्या भाषेवर मोठा वाद होऊन गेला आहे. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती करून कामगार कितीही असोत, सगळ्याच दुकानांना मराठी पाटी बंधनकारक केली; मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांहून लहान असता कामा नयेत, असेही ठरले. व्यापारी न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांत पाट्या बदला, असे बजावले. आम्ही त्या निर्णयाच्या बाजूचे होतो आणि आहोत. पण आमचा प्रश्न असा, की गिऱ्हाईक जी पाटी वाचून आत येते ती आता भिंतीवर आहे कुठे? भिंतीवर 'श्री गणेश उपाहारगृह' ठसठशीत मराठीत रंगवलेले आणि फोनमध्ये तेच दुकान रोमन लिपीत, तेही तीन निरनिराळ्या वर्णाक्षरांत. 'खानावळ' या शब्दातला ळ रोमनमध्ये कधी एल होतो, मधला व कधी व्ही होतो कधी डब्ल्यू. गावाच्या नावातल्या व ची तीच गत. माणूस हे सारे एकच समजतो. यंत्रही बरेचसे समजू लागले आहे. जानेवारी २०२१ मध्ये गूगलने आपल्या नकाशावरील नावांचे आपोआप लिप्यंतर मराठीसह दहा भारतीय भाषांत आणले. मात्र लिप्यंतर हे यंत्राने केलेले अनुमान असते. मालकाने स्वतः नीट लिहिलेले नाव आणि दोन ओळींचे वर्णन त्याहून केव्हाही भरवशाचे. जो समाज पाटीसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातो, त्याने फुकट मिळणारी साडेसातशे अक्षरांची वर्णनाची जागा कोरी सोडावी, याचे आम्हांला वाईट वाटते. सक्तीचा कायदा येथेही आणा, असे आम्ही म्हणत नाही. दंडापेक्षा हाताशी बसून भरून देणारा कुणी हवा असतो. महापालिकेच्या परवाना विभागाने एक टेबल मांडले, किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी एक रविवार दिला, तरी एका प्रभागाचे काम उरकेल.

त्या दहा भाषांत उर्दू नव्हती, हेही भिवंडीत राहून न बोलता सोडता येत नाही. या गावाच्या निम्म्या गल्ल्यांतल्या पाट्या उर्दूत वाचल्या जातात.

अभिप्राय हा आणखी एक वाङ्मयप्रकार. होय, वाङ्मयप्रकारच, समीक्षेचे सगळे दोष त्यात आहेत. 'नाइस फूड', 'गुड सर्व्हिस', पाच तारे. आपल्याकडच्या पुस्तकांच्या ब्लर्बांहून ते निराळे नाही. शिवाय विकत घेतलेले अभिप्राय आहेत, शेजाऱ्याचा सूड उगवणारे आहेत. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक आणले, पण ते ऐच्छिक. आम्ही आमच्या द्वितीय वर्षाच्या मुलांना एक स्वाध्याय दिला: जिथे खरोखर जेवलात त्याविषयी चार वाक्ये मराठीत लिहा, विशेषणे दोनच वापरा. एका मुलाने मावशींविषयी लिहिले, 'मंगळवारी वांगे असते. भाकरी तांदळाची, गरम हवी तर दीडच्या आत जा. सुकट मागितली तरच मिळते. हात धुवायला बाहेर मोरी आहे.' यात स्तुती कुठे आहे? तरी नाशिकहून आलेल्या एका ट्रकचालकाने मावशींना येताच विचारले, "सुकट आहे का?" ती चार वाक्ये त्याने माणकोलीच्या पुलाखाली गाडी लावून वाचली होती. समीक्षेचा इतका थेट परिणाम आमच्या तरी पाहण्यात नाही.

दुसऱ्या एका मुलीचा अनुभव आम्हांला याहून मोलाचा वाटतो. ती कामतघरची. रमजानच्या दिवसांत फोनवरचे लिहिलेले वाचून मैत्रिणींबरोबर निजामपुऱ्यात गेली आणि कोकणी मुसलमानांकडचे सांदण खाऊन आली. तिच्या घरातून याआधी त्या बाजूला जेवायला कुणी गेले नव्हते. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी या गावाच्या मनात ज्या रेषा आखल्या, त्या नाक्यावरचा पानवाला बरोबर ओळखत होता. त्याचे बोट त्या रेषेच्या अलीकडेच थांबे. नकाशाला त्या रेषा दिसत नाहीत. हे त्याचे अज्ञान आहे, शहाणपण नव्हे, आणि उद्या हाच नकाशा माणसाच्या सवयी ओळखून त्याला पुन्हा त्याच्याच गल्लीत फिरवू लागणार नाही याची हमी कुणी देत नाही. तूर्त ते अज्ञान उपकारक ठरले, एवढेच.

आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हा सारा उद्योग पसंत नव्हता. त्यांचे म्हणणे, खानावळ म्हणजे घराची ओसरी. तिचे तुम्ही दुकान करता आहात. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेला आणि मग पस्तावलो. नकाशावर येऊन चार महिने झाले असतील. एका रविवारी, फीस्टच्या दिवशी, बावीस अनोळखी माणसे आली. गोड संपले, भाकऱ्या संपल्या, आणि रात्रपाळी करून आलेला, अठरा वर्षांचा जुना मेंबर उपाशी परत गेला. तो काही बोलला नाही. मावशींनी वहीत त्याच्या नावापुढे खाडा मांडला नाही आणि पैसेही धरले नाहीत; तसला शेरा त्या वहीत पूर्वी कधी नव्हता. त्या आठवड्यात त्यांनी आम्हांला बोलावून घेतले. आम्हांला वाटले, आता काढून टाका म्हणतील. त्या म्हणाल्या, "फोनमध्ये मी साडेबाराला उघडते असं लिहिलंय ना? तिथे दीड लिहा. माझी माणसं आधी जेवतील. मग कोणी येऊ देत." वास्तविक चूल अकरालाच पेटते. जगासाठी ती खानावळ आता दीडला उघडते. गिऱ्हाईक वाढवण्याची पुस्तके याला तोटा म्हणतील. सहकाऱ्यांच्या आक्षेपाला मात्र आमच्यापाशी एवढेच उत्तर आहे, आणि तेही आमचे नव्हे.

जेवण घरपोच करणाऱ्या कंपन्यांचे लोकही येऊन गेले. त्यांचे कमिशन ऐकून मावशींनी त्यांना ताक पाजले आणि वाटेला लावले. बड्या उपाहारगृहांच्या संघटनेनेही या कंपन्यांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली होती आणि आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला होता; मावशींना हे ठाऊक असण्याचे कारण नाही, त्यांनी बोटांवर गणित केले. शोधात सापडणे आणि दुसऱ्याच्या दुकानात आपला माल ठेवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लहान खानावळीने पहिली करावी, दुसरीचा विचार शंभरदा करावा, असे आमचे मत आहे. आज मेंबर सतरा आहेत. पाहुणे, हा मावशींचाच शब्द, दिवसाला दहा-बारा येतात. आषाढात खानावळ बंद झाली नाही.

राहिली होती भिंतीवरची पाटी. ती मागच्या महिन्यात लागली. तिचा फोटो नकाशावर टाकायचा म्हणून ती करावी लागली, असा हा उलटा प्रवास. वर मोठ्या अक्षरांत मराठी, खाली जरा लहान उर्दू, कारण कारखान्यातली पोरे तेवढेच वाचतात. उर्दू विभागातल्या आमच्या मित्रांनी कागदावर अक्षरे काढून दिली. खानावळीपाशी आले आणि लेखणी थांबली. उर्दूत ळ नाही. बराच वेळ विचार करून त्यांनी साधा लाम लिहिला आणि पेंटरला म्हणाले, "लिहा असंच. वाचताना लोक आपोआप ळ करतील, भिवंडीचेच आहेत."